आजार वारेचा, पुरावा किडनीचा

गरोदरपणात अचानक चढणारं बीपी डॉक्टरांना शंभराहून जास्त वर्षं चकवत होतं. त्याचा धागा अखेर बोस्टनच्या एका लॅबमध्ये हाती लागला, आणि तो शोधणारे डॉक्टर बाळंतपणाचे नव्हते, किडनीचे होते! मद्रास मेडिकल कॉलेजमधून निघालेल्या डॉ. अनंत करुमंची यांच्या करिअरची ही गोष्ट. दर चेकअपला बीपी आणि लघवी का तपासतात, याचं उत्तरही तिच्यात आहे.

२०१६ चं रिओ ऑलिंपिक. महिलांची चार बाय शंभर मीटर रिले. अमेरिकेच्या चौघींनी ४१.०१ सेकंदांत गोल्ड मेडल खिशात टाकलं. दुसऱ्या टप्प्यात धावली अॅलिसन फेलिक्स आणि शेवटच्या टप्प्यात टोरी बोवी. फिटनेस कशाला म्हणतात हे बघायचं असेल तर या दोघींकडे बघावं.

दोन वर्षांनी, म्हणजे २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये, फेलिक्स ३२ आठवड्यांची प्रेग्नंट होती. नेहमीच्या चेकअपला गेली आणि तिथूनच तिला थेट अॅडमिट केलं. निदान होतं सिव्हिअर प्री-एक्लॅम्प्सिया. तातडीनं सिझेरियन झालं, मुलगी जवळजवळ महिनाभर एनआयसीयूमध्ये होती. पण दोघी सुखरूप घरी आल्या आणि २०२१ मध्ये टोकियोत फेलिक्स पुन्हा मेडल घेऊन उभी राहिली. टोरी बोवीच्या नशिबात ते नव्हतं. २०२३ मध्ये, आठ महिन्यांची गरोदर असताना, ती फ्लोरिडातल्या आपल्या घरी मृतावस्थेत सापडली. वय फक्त ३२. पोस्टमॉर्टेमच्या रिपोर्टमध्ये संभाव्य कारणांत एक शब्द होता: एक्लॅम्प्सिया.

रोज जिमला जाणाऱ्या, सॅलड खाणाऱ्या, 'मला काय होतंय' म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी ही बातमी धक्का देणारी आहे. जगभरात दर शंभर गरोदरपणांपैकी साधारण दोन ते आठ गरोदरपणांत प्री-एक्लॅम्प्सिया होतो. म्हणजे तुमच्या ऑफिसच्या एकाच मजल्यावर याचा अनुभव घेतलेली एखादी तरी असणारच. फक्त ती त्याला 'माझं बीपी वाढलं होतं ना तेव्हा' एवढंच म्हणत असेल.

बीपीचं मशीन काय शोधतं?

थोडक्यात सांगायचं तर असं. गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यावर बीपी १४०/९० च्या वर जातं आणि त्याच्या जोडीला लघवीतून प्रोटीन जायला लागतं, किंवा लिव्हर, किडनी, मेंदू, प्लेटलेट्स यांपैकी कशावर तरी ताण दिसायला लागतो. हा झाला प्री-एक्लॅम्प्सिया. त्यापुढची पायरी म्हणजे झटके येणं, तो एक्लॅम्प्सिया. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच विजेसारखं अचानक चमकणं असा आहे. 'डाउनटन अॅबी' ही सिरीज पाहिली असेल तर लेडी सिबिलचा मृत्यू आठवत असेल. तो याच आजारानं होतो.

गंमत म्हणजे किडनीवर संशय पहिल्यापासून होता. १८४३ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या जॉन लीव्हर या डॉक्टरनं झटके येणाऱ्या गरोदर बायकांची लघवी तापवून पाहिली आणि तिच्यात त्याला प्रोटीन सापडलं. मग हा किडनीचाच आजार असणार, असं वाटणं साहजिक होतं. पण मग बाळ आणि वार बाहेर पडली की बहुतेक बायका काही दिवसांत बऱ्या कशा होतात? किडनीच खराब असती तर एवढ्या लवकर सुधारली असती का?

मग आली 'विषबाधे'ची थिअरी. शरीरात काहीतरी विष तयार होतं म्हणून आजाराला नाव मिळालं टॉक्सिमिया. ते विष कुणालाच सापडलं नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. २०१८ मध्ये 'व्होग'मध्ये जुळ्यांच्या वेळची आपली अवस्था सांगताना बियॉन्सेनंही हाच शब्द वापरला होता. डॉक्टरी वर्तुळात तर याला 'थिअरींचा आजार' असंच नाव पडलं होतं. ज्याला जे सुचेल ते कारण!

१९५९ मध्ये शिकागोच्या बेंजामिन स्पार्गो आणि सहकाऱ्यांनी अशा बायकांच्या किडनीचे तुकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले. किडनीत बारीक केशवाहिन्यांचे गुच्छ असतात. रक्त गाळायच्या या गाळण्या. दोन्ही किडन्यांत मिळून साधारण वीस लाख, आणि त्या दिवसाला जवळजवळ १८० लिटर पाणी गाळतात. या केशवाहिन्यांचं आतलं अस्तर सुजून फुगलेलं दिसत होतं. पुरावा होता तो असा, अगदी डोळ्यांसमोर. पण अस्तर सुजवतंय कोण, हे पुढची चाळीसेक वर्षं कळलं नाही.

मद्रास टू बोस्टन

इथे एंट्री होते डॉ. एस. अनंत करुमंची यांची.

मद्रास मेडिकल कॉलेजमधून एमबीबीएस, मग अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमध्ये रेसिडेन्सी, मग बोस्टनमध्ये नेफ्रॉलॉजी म्हणजे किडनीच्या आजारांची फेलोशिप. इथपर्यंतचा ग्राफ आपल्याकडच्या शेकडो हुशार डॉक्टरांसारखाच. यापुढचा सरळ रस्ताही ठरलेला होता: डायलिसिस, ट्रान्सप्लांट, चांगली प्रॅक्टिस, चांगलं घर.

पण करुमंची एका लॅबमध्ये शिरले. बोस्टनच्या बेथ इझ्राएल डेकॉनेस मेडिकल सेंटरमधली ही लॅब होती डॉ. विकास सुखात्मे यांची. आडनाव वाचून कान टवकारले ना? सुखात्मेंची स्वतःची वाटही काही सरळसोट नाही. आधी एमआयटीतून थिऑरेटिकल फिजिक्समध्ये पीएचडी, मग हार्वर्डमधून एमडी, मग किडनी. पुढे २०१७ मध्ये ते अटलांटाच्या एमरी युनिव्हर्सिटीच्या मेडिकल स्कूलचे डीन झाले. 'लाइन बदलली की करिअर संपलं' असं मानणाऱ्या घरोघरच्या काकांना हा बायोडेटा दाखवायला हरकत नाही.

सुखात्मेंच्या लॅबमध्ये काम चालायचं रक्तवाहिन्यांवर. शरीरात नव्या रक्तवाहिन्या कशा फुटतात आणि त्यांना थांबवतं कोण? त्या काळात बोस्टनमध्ये हा विषय एकदम हॉट होता. कॅन्सरच्या गाठीला वाढायला रक्तवाहिन्या लागतात, त्या तोडल्या तर गाठ उपाशी मरेल, हा ज्युडा फोकमन यांचा विचार तिथलाच.

आता विचार करा, नऊ महिन्यांत नव्यानं तयार होणारा, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला आणि काम झालं की बाहेर पडणारा अवयव कोणता? वार, म्हणजे प्लॅसेंटा. बाळ झाल्यावर आपण जिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही ती!

किडनी आणि वार या दोन गोष्टी मेडिकल कॉलेजच्या दोन वेगवेगळ्या मजल्यांवर शिकवतात. किडनीवाले वारेकडे बघत नाहीत आणि गायनॅकवाले किडनीची बायोप्सी करत नाहीत. करुमंचींनी या दोन मजल्यांमधल्या जिन्यात आपलं टेबल मांडलं असं म्हणायला हरकत नाही. त्यांच्याबरोबर होत्या डॉ. शॅरन मेनार्ड, त्याही नेफ्रॉलॉजिस्टच.

डबा कोणी पळवला?

त्या वेळी जीन चिप नावाचं तंत्र नवं होतं. एका चिपवर हजारो जीन्स एकाच वेळी तपासता यायचे: कोणता जास्त काम करतोय, कोणता झोपलाय. या टीमनं प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या आणि न झालेल्या बायकांच्या वारेचे नमुने शेजारी शेजारी ठेवून तपासले. एक नाव ठळकपणे वर आलं: एस-एफएलटी-वन. नाव अगदीच एखाद्या फ्लॅट नंबरसारखं, पण सगळी गोष्ट याच्याभोवती फिरते.

मुंबईकरांना हे पटकन कळेल. शरीरात व्हीईजीएफ नावाचं एक प्रोटीन असतं. रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा तो रोजचा डबा. अस्तरावरच्या पेशींना डबा घ्यायला एक हात असतो, त्या हाताचं नाव एफएलटी-वन. आता समजा, तसेच हात कुणीतरी सुटे करून वाटेत सोडले. ते कुणाच्याच अंगाला जोडलेले नाहीत, नुसते रक्तात तरंगतायत. डबा ऑफिसला पोचायच्या आधी हे सुटे हात दादर स्टेशनवरच तो धरून ठेवतात. डबेवाल्याची चूक नाही, स्वयंपाकघराचीही नाही, पण ऑफिसात माणसं उपाशी! एस-एफएलटी-वन म्हणजे हा सुटा, तरंगता हात. व्हीईजीएफ आणि त्याचा भाऊबंद पीएलजीएफ, दोघांनाही तो वाटेतच पकडतो.

डबा मिळाला नाही की अस्तर आजारी पडतं. रक्तवाहिन्या सैल होण्याऐवजी आवळतात, मग बीपी चढतं. लिव्हरला त्रास होतो, मेंदूला सूज येऊ शकते. आणि किडनीच्या गाळण्या? त्यांचं अस्तर तर व्हीईजीएफवर फारच अवलंबून असतं. गाळणीतल्या शेजारच्या पेशी खास तिच्यासाठी ते बनवत असतात. पुरवठा तुटला की गाळणी सुजते आणि प्रोटीन लघवीत गळायला लागतं. लीव्हरला १८४३ मध्ये दिसलं ते हेच, आणि स्पार्गोनं १९५९ मध्ये पाहिलं तेही हेच.

मग वार हे सुटे हात इतक्या मोठ्या संख्येनं का सोडते? नेहमीच्या गरोदरपणात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या बारीक, पिळदार रक्तवाहिन्यांमध्ये शिरून त्यांना रुंद करतात. गल्लीचा हायवे होतो म्हणा ना. काही गरोदरपणांत हे रुंदीकरण अर्धवट राहतं. वारेला रक्त कमी पडतं आणि अशी उपाशी वार एस-एफएलटी-वनचा मारा सुरू करते. सुरुवात वारेत होते आणि भोगते आईची किडनी. बाळ-वार बाहेर आल्यावर आई सुधारते ती याचसाठी.

उंदराची लघवी, कॅन्सरचं औषध

पण नमुन्यात एखादी गोष्ट जास्त सापडली म्हणजे तीच गुन्हेगार असं होत नाही. आग लागलेल्या ठिकाणी फायर ब्रिगेडची गाडी दिसते, म्हणून आग तिनं लावली का? पुरावा हवा होता.

टीमनं गाभण उंदरांच्या शरीरात एस-एफएलटी-वनचा जीन सोडला. उंदरांचं बीपी वाढलं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं आणि किडनी मायक्रोस्कोपखाली ठेवल्यावर दिसलं तेच सुजलेलं अस्तर. मग हाच प्रयोग गाभण नसलेल्या उंदरांवर केला. तिथेही तेच! म्हणजे बीपी चढवायला आणि किडनी सुजवायला गरोदरपणही लागत नाही, रक्तात हे एकच प्रोटीन पुरेसं वाढलं तरी चालतं. मार्च २००३ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन'मध्ये हा पेपर आला.

दुसरा पुरावा आला पार वेगळ्या दिशेनं. कॅन्सरसाठी बेव्हॅसिझुमॅब नावाचं औषध तेव्हा येऊ घातलं होतं. ब्रँड नेम अव्हास्टिन, अमेरिकेत मंजुरी २००४ मध्ये. हे औषध मुद्दाम व्हीईजीएफला पकडून ठेवतं. त्याचे साइड इफेक्ट्स काय? बीपी वाढणं आणि लघवीतून प्रोटीन जाणं. पेशंट पुरुष असला तरीही! गरोदर बाईची वार जे करते तेच हे औषध सलाइनमधून करत होतं. कॅन्सरच्या वॉर्डातली तक्रार आणि मॅटर्निटी वॉर्डातली तक्रार एकच निघाली.

२००६ मध्ये करुमंचींच्याच टीमनं वारेतून येणारा एक दुसरा साथीदारही दाखवला, सोल्युबल एंडोग्लिन. दोघं एकत्र आले की उंदरांत आजाराचं सगळ्यात भयंकर रूप दिसतं. त्यात रक्तपेशी फुटतात, लिव्हर बिघडतं, प्लेटलेट्स कोसळतात. अचानक किडनीवाल्या या डॉक्टरला जगभरच्या गायनॅक कॉन्फरन्सेसमधून बोलावणं यायला लागलं. पुढे हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटनं त्यांना आपला इन्व्हेस्टिगेटर निवडलं, आणि मग ते बोस्टन सोडून लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय मेडिकल सेंटरला गेले.

फ्रीझरमधलं रक्त

कारण सापडलं. पण बाईला बीपी चढायच्या आधी ते कळेल का?

याचं उत्तर मिळालं एका फसलेल्या प्रयोगातून. १९९० च्या दशकात अमेरिकेत साडेचार हजारांवर गरोदर बायकांवर एक मोठी चाचणी झाली होती: कॅल्शियमच्या गोळ्यांनी प्री-एक्लॅम्प्सिया टळतो का? १९९७ मध्ये उत्तर आलं, नाही. झालं, प्रोजेक्ट संपला. पण त्या बायकांचं गरोदरपणात वेळोवेळी घेतलेलं रक्त फ्रीझरमध्ये जपून ठेवलेलं होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या रिचर्ड लीव्हाइन यांच्याबरोबर करुमंचींच्या टीमनं त्यातले नमुने बाहेर काढले. प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या १२० आणि न झालेल्या १२० बायका. लक्षणं दिसायच्या साधारण पाच आठवडे आधीपासूनच एस-एफएलटी-वन चढायला लागलेलं होतं, आणि पीएलजीएफ त्याहीआधी घसरलेलं. २००४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हे छापून आलं.

तर मग उद्यापासून टेस्ट सुरू? छे! इथे लागते खरी परीक्षा, पेशन्सची. २०१६ मध्ये १४ देशांतल्या एका अभ्यासानं दाखवलं, की या दोन प्रोटीन्सचं गुणोत्तर ३८ किंवा त्याखाली असेल, तर पुढचा आठवडाभर प्री-एक्लॅम्प्सिया होणार नाही हे ९९ टक्क्यांहून जास्त खात्रीनं सांगता येतं. ब्रिटन आणि युरोपात अशा टेस्ट वापरात आल्या. अमेरिकेच्या एफडीएनं मान्यता दिली ती मे २०२३ मध्ये. २००३ चा पेपर, २०२३ ची मंजुरी. वीस वर्षं! आपल्याला अॅप्रेझल सहा महिने लांबलं तरी झोप येत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या टेस्टशी संबंधित पेटंट्सवर करुमंचींचं नाव आहे, आणि उपचार शोधणाऱ्या कंपन्यांशीही त्यांचे आर्थिक संबंध आहेत. आपल्या पेपर्समध्ये ते हे जाहीर करतात. म्हणूनच टेस्टची खात्री इतर देशांतल्या, इतर टीम्सच्या अभ्यासांतून पटणं महत्त्वाचं होतं.

इलाज अजून एकच

आता कडू भाग. एवढं सगळं कळूनही प्री-एक्लॅम्प्सियाचा पक्का इलाज आजही एकच आहे: डिलिव्हरी. वार बाहेर काढणं. ३७ व्या आठवड्यात हे सोपं असतं. २६ व्या आठवड्यात मात्र डॉक्टरांपुढे एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला तळहाताएवढं बाळ असतं. आईसाठी लवकर सोडवलेलं बरं, बाळासाठी एकेक दिवस लाखमोलाचा. घरचे बाहेर बाकड्यावर बसून विचारत असतात, 'डॉक्टर, अजून एक आठवडा नाही का थांबता येणार?'

म्हणून सगळी धडपड आहे ती हा एक आठवडा मिळवण्याची. झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त, जुनं औषध आहे. दहा हजारांवर बायकांवर झालेल्या 'मॅगपाय' चाचणीनं २००२ मध्ये दाखवलं, की त्यानं झटक्यांचा धोका निम्म्यावर येतो. धोका जास्त असलेल्या बायकांना सुरुवातीपासून कमी डोसची अॅस्पिरिन देतात. २०१७ मध्ये 'अॅस्प्रे' नावाच्या चाचणीत रोज १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिननं ३७ आठवड्यांच्या आत होणाऱ्या प्री-एक्लॅम्प्सियाचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आणलं. चार-पाच महिने पोटात बाळ आणि तोंडात एक साधी गोळी. इतकं साधं.

आणि किडनीवाल्यांच्या डोक्यात किडनीवाली आयडिया येणारच! रक्तातलं नको ते काढायचं मशीन त्यांच्याकडे असतंच की. करुमंचींचे सहकारी नेफ्रॉलॉजिस्ट रवी थधानी आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी गरोदर बाईचं रक्त एका खास फिल्टरमधून फिरवून एस-एफएलटी-वन कमी करून पाहिलं. २०११ च्या त्यांच्या पेपरमध्ये ज्या तिघींवर हा उपचार एकाहून जास्त वेळा झाला, त्यांचं गरोदरपण दोन ते सव्वातीन आठवडे पुढे नेता आलं. संख्या अगदी लहान, तुलनेला दुसरा गट नाही, त्यामुळे हुरळून जायचं कारण नाही. पण दिशा कळली. २०१८ मध्ये एस-एफएलटी-वन तयारच होऊ नये म्हणून बनवलेल्या आरएनए औषधाचे बबून माकडांवरचे निकाल आले, आणि पुढे ते औषध सुरुवातीच्या मानवी चाचण्यांपर्यंत पोचलं. दुकानात मिळायला अजून वेळ आहे.

बाळ झालं, फाइल बंद?

आपल्याकडे बाळ झालं की सगळा कॅमेरा बाळाकडे वळतो. आईला डिंकाचे लाडू मिळतात, शेक-शेगडी मिळते, बारशाला साडी मिळते. तिच्या बीपीची आठवण मात्र कुणाला राहत नाही. खरं तर बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांतही बीपी उसळू शकतं आणि झटके येऊ शकतात.

किडनीच्या डॉक्टरांनी या विषयात हात घातल्याचा मोठा फायदा झाला तो इथेच. ते बाईकडे नऊ महिन्यांच्या पलीकडे बघतात. नॉर्वेत प्रत्येक जन्माची आणि किडनी निकामी झालेल्या प्रत्येक पेशंटची नोंद होते. २००८ मध्ये तिथल्या संशोधकांनी ५ लाख ७० हजार मातांच्या नोंदी जुळवल्या. पहिल्या खेपेला प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या बायकांत पुढे किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका चार-पाच पट जास्त निघाला. घाबरू नका, एवढ्या लाखांत अशा बायका एकूण ४७७ होत्या. प्रत्यक्ष धोका लहानच आहे. पण बीपी आणि हार्टचा धोकाही या बायकांना पुढे जास्त असतो, आणि तो काही लहान नाही. गरोदरपण ही शरीराची स्ट्रेस टेस्ट आहे म्हणा ना. तिचा रिपोर्ट फाडून टाकायचा नसतो, जपून ठेवायचा असतो.

आणखी एक किडनीवाली टीप. गरोदरपणात किडनी जवळजवळ दीडपट जोरानं काम करते, त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन खाली जातं. एरवी ०.९ हा आकडा लॅब 'नॉर्मल' म्हणून छापते. गरोदर बाईच्या रिपोर्टवर तोच आकडा डॉक्टरांना विचारण्यासारखा असतो. रिपोर्टवर लाल खूण नाही म्हणून व्हॉट्सअॅपवर 'ऑल नॉर्मल' टाकून मोकळं होऊ नका.

करुमंचींच्या करिअरमधून आपल्यासारख्या नोकरदारांना उचलण्यासारखी गोष्ट कोणती? मला विचाराल तर त्यांची हुशारी नाही, हुशार खूपजण असतात. आपल्या डिपार्टमेंटबाहेरचा प्रश्न त्यांनी आपला मानला, आणि वीस वर्षं त्याच्यावरून नजर हटवली नाही. त्यामुळे आज एखाद्या हॉस्पिटलात, बीपी वाढलेल्या गरोदर बाईला डॉक्टर रक्ताची एक टेस्ट बघून सांगू शकतात, 'आज घरी गेलीस तरी चालेल' किंवा 'आज इथेच थांब'. त्या दोन वाक्यांमधला फरक कळायला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

चौकट: हे फ्रिजवर चिकटवा

लगेच डॉक्टरला फोन करा: गोळी घेऊनही न थांबणारी डोकेदुखी. डोळ्यांपुढे काजवे चमकणं किंवा धूसर दिसणं. उजव्या बरगडीखाली दुखणं (याला अॅसिडिटी समजून अँटासिड घेत बसू नका). चेहरा आणि हात अचानक सुजणं. दम लागणं. पाय थोडे सुजणं बऱ्याच जणींना होतं, पण अंगठी अचानक घट्ट झाली तर बीपी मोजाच. बीपी १६०/११० च्या वर गेलं, तर ती इमर्जन्सी आहे. उद्याच्या मीटिंगनंतर बघू, असं नाही.

धोका कुणाला जास्त? पहिलं गरोदरपण, जुळी, आयव्हीएफ, वाढलेलं वजन, वय ३५ च्या पुढे, आधीपासून बीपी, डायबेटिस, किडनीचा आजार किंवा ल्युपस, आधीच्या खेपेला प्री-एक्लॅम्प्सिया, किंवा आई-बहिणीला झालेला. आईला एकदा विचारून तर बघा, 'माझ्या वेळी तुझं बीपी वाढलं होतं का गं?'

डॉक्टरांना काय विचाराल? 'मला अॅस्पिरिनची गरज आहे का?' हा प्रश्न पहिल्या तीन महिन्यांतच विचारा, कारण ती साधारण १२ व्या आठवड्यापासून सुरू केली तरच नीट उपयोगी पडते. स्वतःच्या मनानं मात्र सुरू करू नका. बीपी वाढलंच, तर एस-एफएलटी-वन आणि पीएलजीएफच्या टेस्टबद्दलही विचारा.

खर्चाचं टेन्शन? प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून सुरू आहे. त्यात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदरपणाची तपासणी मोफत होते. बीपी आणि लघवी दोन्ही त्यात येतात. घरकाम करणाऱ्या मावशींच्या सुनेला हे जरूर सांगा.

बाळंतपणानंतर: पहिल्या आठवड्यात बीपी तपासून घ्या. मग तीन महिन्यांनी बीपी आणि लघवीतलं प्रोटीन पुन्हा तपासा. त्यानंतर वर्षातून एकदा, कायम. फॅमिली डॉक्टर बदलला तरी 'मला प्री-एक्लॅम्प्सिया झाला होता' हे वाक्य नव्या फाइलच्या पहिल्या पानावर यायलाच हवं.